जयाबाईचा खोकला

गुवाहाटी,
१२ जून २०२३

आक्का,

फोन घेणं बंद केलंस ते केलंसच. दाजींना विचारलं तर म्हणतात, "फोन कानाला लावला की तिचं डोकं ठणकतंय." तेजस्वीला विचारलं तर तुझी लेकही तेच सांगते, अगदी त्याच शब्दांत, बापलेकीनं मिळून पाठ केल्यासारखं. तूच दाजींकडून निरोप दिलास पत्र लिही, तर हे लिहितोय. खानापूरच्या बोर्डिंगातून तुला लिहायचो, त्यानंतर पहिल्यांदाच. अक्षर तेव्हाही असंच होतं, त्यामुळे तुला वाचता येईल.

खरं सांगू? मला वाटतं तू माझ्यावर रागावलीयस. चैत्रात जांबोटीला घरभरणीत रवळूकाका भरपंगतीत म्हणाले, "डुकरास्नी हात लावतोस न्हवं? मग जरा येगळा बस." मी उठणार एवढ्यात तू तुझं पान उचललंस आणि माझ्याशेजारी येऊन बसलीस. "माझंबी हिकडंच वाढा," म्हणालीस. मग तुला ठसका लागला आणि तो काही केल्या थांबेना. तू पदर तोंडात कोंबून बाहेर गेलीस. मला कळलं, तू रडू दाबत होतीस. भावापायी चारचौघांत मान खाली घालावी लागली, याचं तुला वाईट वाटलं असणार. फोन बंद झाला तो त्यानंतरच.

म्हणून आज तुला नीट सांगतो, मी इथं काय करतो ते. डुकराचं फुप्फुस माणसाच्या फुप्फुसासारखं असतं. आकार तोच, आतल्या नळ्यांच्या फांद्या तशाच. माणसाला होतो तोच फ्लू डुकरालाही होतो. एकदा होऊन गेला की फुप्फुसात काही पेशी मुक्काम ठोकतात. त्या रक्ताबरोबर फिरत नाहीत. जागेवर बसून राखण करतात. रोग पुन्हा आला की पहिल्यांदा त्याच धावतात. आपण जांबोटीला भातावर राखण करायचो ना, तू शेतातल्या माळ्यावर बसून डबा बडवायचीस, तसं. रानडुकरं आली की गावातनं माणसं यायला वेळ लागायचा, तू मात्र तिथंच असायचीस.

या पेशी ओळखायच्या कशा, तर डुकराला भूल देऊन रक्तात एक रंग सोडतो. रक्तातल्या फिरत्या पेशींना रंग चिकटतो. फुप्फुसात मुक्काम ठोकलेल्यांना लागत नाही. ज्या बिनरंगाच्या राहिल्या, त्या राखणीच्या. माणसाचं रक्त तपासून त्या सापडत नाहीत, आणि जिवंत माणसाचं फुप्फुस कोण कापू देणार? म्हणून डुकरं. या पेशी टिकवता आल्या तर नाकातून फवारायची लस करता येईल, असं आम्हाला वाटतं.

ज्या डुकरांनी लहानपणी आपली झोप घालवली, त्यांनाच मी आता सकाळी उठून दूध पाजतो. हस, पण राग सोड.

नागेंद्र


बोरगाव,
३ जुलै २०२३

नागू,

रागावले असते तर फोन उचलून शिव्या घातल्या असत्या, पत्र कशाला लिहिलं असतं? येडा आहेस. रवळूकाकांचं काय मनावर घ्यायचं. त्यांच्या घरात कोंबड्या चुलीपर्यंत येतात, ते चालतं त्यांना.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. माळ्यावरची गोष्ट वाचून लई बरं वाटलं. पण तू एक विसरलास. डबा मी बडवायची आणि तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरायचास. सकाळी आईला सांगायचास, मी राखण केली.

तुझ्या त्या बिनरंगाच्या पेशी म्हणजे माझ्यासारख्याच म्हण की. तू बेळगाव, बेंगळूर, आसाम, सगळीकडचा रंग लावून घेतलास. मी जांबोटीतनं निघाले ती बोरगावात बसले. निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायला जाते आणि परत येते, तेवढंच माझं फिरणं.

आता एक विचारायचं होतं. वखारीत माझ्या शेजारी जयाबाई बसते. तिला कोरडा खोकला आहे, वर्ष होऊन गेलं. पायरी चढली की दम लागतो. तंबाखू पावसात भिजून बुरसली की ती चाळताना फार होतं, रविवारी सुट्टीला जरा बरं असतं. हातापायाची नखं वाकून गोल झालीत, पोपटाच्या चोचीगत. इथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं, म्हणाला रक्तात काही नाही. टीबीचीही तपासणी झाली, ती नाही. तू लिहिलंस, रक्तात दिसत नाही ते फुप्फुसात असतं. म्हणून म्हटलं विचारावं. वय असेल पासष्ट. चाळीस वर्षं वखारीत आहे. बिचारीला विचारायला कोणी नाही.

तू खरं काय ते लिही. मी तिला सांभाळून सांगेन.

पत्र तुकड्यातुकड्यानं लिहिलंय, म्हणून शाई वेगवेगळी दिसेल. कामं असतात.

तुझी आक्का


गुवाहाटी,
२४ जुलै २०२३

आक्का,

तुझं पत्र आलं आणि दिवसभर मी खुशीत होतो. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना म्हटलं, माझ्या बहिणीनं आमचा प्रयोग एका वाक्यात सांगितला.

जयाबाईचं विचारलंस. मी माणसांचा डॉक्टर नव्हे, पण फुप्फुसं इतकी हाताळलीत की अंदाज येतो. बुरसलेल्या तंबाखूची धूळ वर्षानुवर्षं आत गेली की राखणीच्या पेशी खवळतात. धूळ म्हणजे रोग नव्हे, हे त्यांना कळत नाही. रोज शत्रू आल्यासारख्या त्या उठतात आणि भांडून भांडून आपल्याच घराच्या भिंती खणतात. जखमा भरतात तिथं राठ होतं. राठ झालेलं फुप्फुस फुगत नाही. डुकरांतही आम्ही पाहिलंय, राखणदार जास्त झाले की ते जसे कामाचे तसेच घातकही. याच कारणासाठी त्यांचा अभ्यास माणसांच्या उपयोगाचा आहे.

तुझ्यापासून काय लपवायचं? वय पासष्ट, चाळीस वर्षं धूळ, नखं वळलेली. म्हणजे फार उशीर झालाय. जे राठ झालं ते परत मऊ होत नाही. दवाखान्याच्या चकरा मारून तिला त्रासच होईल, हाती काही लागायचं नाही. वर्ष, फार तर दोन. तिला काही सांगू नकोस. घरी आपल्या माणसांत राहू दे, आवडीचं खाऊ दे. तुम्ही शेजारणी तिच्याशी गोड बोला, एवढंच.

कठोर वाटेल, पण तू खरं विचारलंस म्हणून लिहिलं. आणि तू स्वतः त्या धुळीत बसतेस, तर तोंडाला पदर नीट बांधत जा. तुझी काळजी वाटते मला.

नागेंद्र


बोरगाव,
१४ सप्टेंबर २०२३

नागू,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मिळालं होतं.

जयाबाईला मी काही सांगितलं नाही. पण तिला कळलंय. ती म्हणते, बरं झालं एकदाचं कळलं, आता उगीच इकडं तिकडं पळायला नको. बेळगावच्या दवाखान्यात नाव घातलं होतं, तिथं ती गेली नाही. तू लिहिलंस ते खरंच होतं, म्हणजे बाईची दगदग वाचली. तू काही मनाला लावून घेऊ नकोस.

आता आनंदाची बातमी. तेजस्वीचं ठरलं! मुलगा खासबागचा, समर्थ नाव, वीजखात्यात आहे. माणसं चांगली आहेत, जुन्या वळणाची. बैठकीत त्याच्या आईनं एवढंच विचारलं, "तुमच्या घरात कुनाला टीबी, दमा काय न्हाय न्हवं?" तुझे दाजी म्हणाले, कोणाला नाही. मी आत चुलीपाशीच होते, बोलणी त्यांनीच केली. जयाबाईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्या दिवशी आमच्या दारात खोकू नको बाई, पाहुणे बिचकतील.

तुळशीचं लग्न झालं की डिसेंबरात मुहूर्त आहे. तू मामा आहेस, नवरीला बोहल्यावर तूच आणायचंस. पण तुझ्या डुकरांचं काही अडत असेल तर जीव टांगणीला लावू नकोस. इथं माणसं आहेत. तू नाही आलास तरी चालेल. मी खरंच सांगते, चालेल.

तुझ्या पिलांना दूध पाजतोस ते दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मेव्हण्यानं स्वतःच्या लग्नाचं बघावं आता.

आक्का


गुवाहाटी,
५ डिसेंबर २०२३

आक्का,

मी येऊ शकत नाही.

आजूबाजूच्या गावांत डुकरांचा मोठा ताप आलाय. याला लस नाही, औषध नाही. आमचं फाटक बंद झालं. आत आहे त्यानं आतच राहायचं, बाहेर गेला तो फाटक उघडेपर्यंत परत यायचा नाही. माझ्याबरोबरचा एकजण आजारी पडून घरी गेलाय, त्यामुळे डुकरांना बघायला मी एकटाच उरलोय. मी बाहेर पडलो तर तीन वर्षांचं काम मातीत जाईल.

पण आक्का, तू "चालेल" असं दोनदा का लिहिलंस? मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. बहीण भावाला लेकीच्या लग्नाला "नाही आलास तरी चालेल" म्हणते, हे मी कोणाकडूनही ऐकलेलं नाही. खासबागची माणसं जुन्या वळणाची आहेत असंही लिहिलंस. डुकरंवाला मामा मांडवात नको, असंच ना? पंगतीत माझ्याशेजारी बसलीस तेव्हा मला वाटलं होतं, सगळं जग एकीकडं आणि माझी आक्का माझ्याकडं. आता लेकीचं लग्न आलं, तर तूही रवळूकाकांच्या ओळीत जाऊन बसलीस. बसायचं तर बस. मी काही बोलणार नाही.

तेजस्वीला आसामची चादर पाठवलीय. जयाबाईंच्या नावानंही वखारीच्या पत्त्यावर एक पुडकं पाठवलंय, आमच्या प्रयोगशाळेतले नाकाला लावायचे मास्क आणि एक चिठ्ठी. त्या बाईला मी फारच तोडून बोललो असं वाटत राहिलं. निदान तिच्या कामी येईन.

नागेंद्र


निपाणी,
८ जानेवारी २०२४

नागेंद्रा,

मला लिवता येत न्हाय. टपालातल्या बाईस्नी सांगतोय आनि त्या लिवून घेत्यात. मी जयाबाई.

तुजं पुडकं आलं. चिठ्ठी बाईंनी वाचून दावली. "जयाबाई, पासष्टी झालीय तरी धीर धरा, खोकला वाढला तर उशी उंच घ्या," आसं लिवलंयस. मी म्हनलं, कुनाचा खोकला? मला खोकला न्हाय रं लेका. मी अजून पोतं डोक्यावर घेतो. कधी पडसं आलं तर आलं. बाईबी हसल्या, मीबी हसलो. मग माजं हसू तिथंच थांबलं.

खोकला तुज्या भनीला हाय. मालूला. दोन वर्सं झाली. आमाला सगळ्यास्नी तिनं शपत घातलीया, भावाला सांगायचं न्हाय. फोनवर दोन शब्द बोलली की उबळ येतीया, म्हनून फोन बंद केला. सोयरीक मोडंल म्हनून पाव्हन्यांस्नी सांगितलं न्हाय. तिनं तुला माजं नाव सांगितलं हे मला ठावं नव्हतं. वयबी माजंच सांगितलंन. तिला अजून पन्नाशी न्हाय.

लग्नात आईनं म्होरं उभं ऱ्हायाचं, तर ही मांडवाच्या मागं कनातीच्या आड. मी जवळ हुतो. मंगळाष्टका सुरू झाल्या आनि हिला उबळ आली. तोंडात पदर कोंबून डोळं पांढरं केलंन. माज्या हातात पैसं दिलंन आनि म्हनली, "जया, बँडवाल्याला जाऊन सांग, थांबू नको म्हनावं, वाजीवत ऱ्हा." आक्षता पडंपातूर बँड वाजत हुता. सगळी म्हनत हुती, काय हौस हाय ह्यांची! तुज्या जागंवर चुलत मामानं पोरीला आनलं. मालू कनातीच्या भोकातनं बगत हुती.

तुजं डिशेंबरचं पत्र तिनं कमरंला लावलंय. काय लिवलंस रं त्यात? वाचल्यापासनं जेवाय मागत न्हाय.

मी शपत मोडली. तू ये.

जयाबाई


खासबाग, बेळगाव,
१२ मार्च २०२४

नागू,

तू येऊन गेलास त्याच दिवशी इथं तेजस्वीच्या घरी माझी खाट खिडकीत हलवली. तेजस्वीचे सासू-सासरे भले निघाले. जिच्यापासून लपवलं, ती विहीणबाईच मला रोज वेणी घालते. परवा म्हणाली, "आधी सांगितलं आसतं तरी पोरगी आमी केलीच आसती." मी नाकातली नळी नीट करायचं निमित्त करून मान वळवली.

जयाबाई माझ्यासाठी शपथ मोडून गेली म्हणून मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. मग तिनं शेंगदाण्याची पोळी करून आणली. तुझ्या बहिणीला पोळी दिसली की राग टिकत नाही, हे त्या बाईला माहीत आहे.

तुला हे सांगायला लिहितेय. दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर तुला सांगत होते ते मला आत ऐकू आलं. गेल्या पावसाळ्यात आणलं असतं, धूळ सोडली असती, औषध सुरू केलं असतं, तर या वयात थांबलं असतं म्हणाले. तू भिंतीला डोकं लावून उभा होतास. तू म्हणालास, "मी ते एक वाक्य लिहिलं नाही." डॉक्टरला कळलं नाही, मला कळलं.

नागू, तू उत्तर चुकवलं नाहीस रं. मी प्रश्न चुकीचा विचारला. जयाबाईचं वय सांगितलं, तिची चाळीस वर्षं सांगितली. तू त्या बाईला जे खरं होतं ते लिहिलंस. मी माझ्या नावानं विचारलं असतं तर तू मला खरं लिहिलं नसतंस. नोकरी टाकून धावत आला असतास आणि तुझी पिलं तशीच राहिली असती. शिवाय भीती वाटत होती. आपलं दुखणं आपल्या नावानं विचारायला बाईमाणसाला धीर होत नाही. दुसरीच्या नावानं विचारलं की निम्मं दुखणं तिच्याकडं जातं, असं वाटतं.

एक मात्र मी तुला माफ केलेलं नाही. मी रवळूकाकांच्या ओळीत जाऊन बसले असं लिहिलंस ते. मी तुझ्याशेजारून कधी उठलेच नाही. ते पत्र मी तेजस्वीला फाडून टाकायला लावलं, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. आता रडू नकोस. माफ केलं, जा.

माझं एक काम कर. तुझ्या त्या बिनरंगाच्या पेशी, त्यांना वेडं न करता राखणीला कसं ठेवायचं, ते शोधून काढ. लवकर नाही जमलं तरी चालेल. हे "चालेल" खरं आहे.

हात दुखतो. बाकी फोनवर सांगितलं असतं, पण आता खरंच बोलवत नाही.

आक्का


निपाणी,
३ जून २०२४

नागेंद्रा,

टपालातल्या बाईच लिवत्यात. मालू गेली, तिचं दिवस झालं, तू परत गेलास, तवापासनं पत्र घालीन म्हनतोय. शब्द सुदरत नव्हता.

तिच्या जागंवर वखारीत कुनी बसत न्हाय. नवी बाई आली तर आमी सरकून घेतो आनि तिला दुसरीकडं बसीवतो. मुकादम वरडतोय, वरडू दे. तुजं मास्क समद्या बायकांस्नी वाटलं. पयल्यांदा हसल्या, कुत्र्याला मुसकं घातल्यागत दिसतंय म्हनाल्या. आता धुऊन धुऊन घालत्यात. मालूचा तेवढा मी माज्या ट्रंकत ठेवलाय. तिनं तो येकदाच लावला हुता, आनि आरशात बगून म्हनली, "आता मी नागूच्या हापिसातली दिसतो का गं?"

लग्नातल्या त्या बँडचा आवाज माज्या कानातनं जात न्हाय.

आनि येक इचारायचं हुतं. वखारीत बाळाबाई म्हनून हाय. तिला म्हयनाभर कोरडा खोकला लागलाय. सांजच्याला अंग कसकसतं. पायरी चढली की दम लागतोय थोडा. वय हाय सत्तर. लई म्हातारी हाय, तवा तिचं काय हुनार म्हना. पर इचारून ठेवावं म्हनलं. तू खरं काय ते लिव. मी तिला सांबाळून सांगंन.

जयाबाई


गुवाहाटी,
१३ जून २०२४

जयाबाई,

तुमचं पत्र आज मिळालं. वाचून मी उठलो आणि हात धुऊन आलो. का ते मला सांगता येणार नाही.

आक्का गेल्यावर मी काम थांबवलं होतं. गेल्या आठवड्यात पुन्हा सुरू केलं, तिनं सांगितलं होतं म्हणून. रंग सोडला, फुप्फुस कापलं, यंत्राच्या पडद्यावर बिनरंगाचे ठिपके दिसायला लागले. नेहमीसारखेच होते. मी मात्र मागं सरकलो आणि सगळ्यांच्या देखत रडलो. इतकी फुप्फुसं कापून बघणारा माणूस, आणि शेजारी पानावर बसलेल्या बहिणीचा ठसका मला रडू वाटला. हे दुःख मी कुठं नेऊन ठेवू, जयाबाई? इथं ते सांगायला आपलं माणूस नाही. तुम्ही तिच्याजवळ होतात, म्हणून तुम्हाला लिहितो.

आता बाळाबाईचं.

तुम्ही तिचं वय सत्तर लिहिलंय. ते मी वाचलं, पण धरलेलं नाही. काय होईल, किती दिवस, हे मी कधीच कोणाला पत्रातून लिहिणार नाही. बाळाबाई कोण, तिचं घर कुठं, तिला पोरंबाळं किती, हेही विचारणार नाही. एवढंच सांगा तिला, की उद्यापासून वखारीत जायचं नाही. मुकादम काय म्हणेल ते मी बघतो. खोकला महिन्याचा आहे म्हणालात. तेवढ्यात पुष्कळ काही करता येतं. 'वखारीत जायचं नाही', गेल्या वर्षी लिहायचं राहिलेलं वाक्य ते हेच.

मी निघतोय. बुधवारी, २६ जूनला सकाळी निपाणी स्टँडवर उतरेन. तिथून थेट बेळगावला दवाखान्यात जायचं. तेजस्वीला कळवलंय, रात्रीचा मुक्काम खासबागला तिच्याकडं. आक्काची खिडकीतली खाट तशीच आहे म्हणाली.

तुम्ही बाळाबाईला घेऊन स्टँडवर या. आणि बाळाबाई नावाची कोणी नसेल, तर एकट्या या. पण या.

नागेंद्र